आवळलेली तार

सहाच्या सहा कॅप्सूल फेल झाल्या होत्या आणि मॅडमच्या टेबलावर सारिकाची फाईल उघडी होती.

"शेडगे, मीडियम तिनं बनवलं. टेस्ट तिनं लावली. मग चूक कुणाची?" आमच्या क्वालिटी कंट्रोलच्या मॅनेजर देशपांडे मॅडम म्हणाल्या. सारिका प्रोबेशनवर होती. शनिवारी तिच्या कन्फर्मेशनचा निर्णय व्हायचा होता.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं.

शिवऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात सांध्यांची सूज उतरवणाऱ्या औषधाच्या कॅप्सूल बनतात. हे औषध पाण्यात विरघळायला महाहट्टी. म्हणून प्रत्येक बॅचची डिसोल्यूशन टेस्ट लागते. काचेच्या सहा भांड्यांत अंगाइतकं कोमट पाणी घ्यायचं. त्यात साबणासारखा एक पदार्थ थोडा घालायचा. हेच ते मीडियम. मग एकेक कॅप्सूल सोडायची आणि वरून वल्हं फिरवायचं. पाऊण तासात ठरल्याइतकं औषध पाण्यात उतरलं तर पास. नाहीतर बॅच होल्ड.

कॅप्सूल हलकी, तरंगते. ती तळाशी राहावी म्हणून तिच्याभोवती स्टीलच्या तारेचे दोन-चार वेढे देतात. त्याला आम्ही सिंकर म्हणतो. जुने सिंकर वाकडे झाले होते, म्हणून आदल्याच आठवड्यात मी स्वतः नवीन वळले होते. आमचं घर आंबवड्याचं, भातशेतीचं. पेंढी अशी आवळायची की बांधावरून फेकली तरी सुटता कामा नये, ही वडिलांची शिकवण. सिंकरही तसेच झाले, घट्ट आणि देखणे. डिपार्टमेंटभर मिरवून आलो होतो मी.

आता चौकशी माझ्याकडे आली. सारिकाचं उरलेलं मीडियम तपासलं, ठीक. तापमान ठीक. वल्ह्याचा वेगही ठीक. मग मॅडमच्या परवानगीनं मी माझ्या हातानं नवं मीडियम बनवलं आणि त्याच बॅचच्या कॅप्सूल त्याच नव्या सिंकरमध्ये घालून लावल्या. मनात म्हटलं, आता बघ पोरी, टेस्ट कशी करतात ते.

सारिका शेजारी उभी होती. गुंजवण्याच्या वरच्या वस्तीवरची पोर, घरी गुरं-शेरडं. लॅबमध्ये ती पुस्तकी बोलते, पण गडबडली की घरची भाषा येते. वीस मिनिटं झाली तशी ती भांड्यापाशी वाकली.

"सर, जरा हितं बघा. लई आवळलंय हे."

"काय आवळलंय?"

"तार हो. वासराच्या गळ्यात दावं रुतल्यावानी दिसतंय. आमच्याकडं दावं बांधताना दोन बोटं आत जातील एवढी जागा ठेवत्यात. वासरू वाढतं ना!"

मी चष्मा पुसून पाहिलं. कॅप्सूलचं कवच पाण्यात फुगलं होतं, पण माझी तार तसूभर हलायला तयार नव्हती. ती कवचात रुतली होती आणि औषध आत कोंडून बसलं होतं. सिंकर सैल हवा, हे आमच्या मेथडमध्ये पहिल्याच पानावर लिहिलंय. मीच कितीतरी जणांना ते वाचून दाखवलंय. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, म्या... मी सैल करून बघू का?" तिनं विचारलं.

मॅडमना सांगून तिनं नवे सिंकर वळले. कॅप्सूल आत जरा हलेल एवढी जागा ठेवली. टेस्ट पुन्हा लावली. पाऊण तासानं सहाच्या सहा पास.

मी इतका खूश झालो की लॅबमध्येच टाळी वाजवली. मग रिपोर्ट लिहायला बसलो आणि खुशी जरा उतरली. 'चुकीचं मूळ' या रकान्यात मी लिहिलं: सिंकर घट्ट वळले, वळणारा शेडगे.

मॅडमनी वाचलं. "अहो, हा रकाना तुम्ही आजवर नेहमी दुसऱ्यांच्या नावानं भरलात."

"हो मॅडम. अक्षर नेहमीचंच आहे, नाव तेवढं बदललंय."

त्या हसल्या आणि सारिकाची फाईल पुढं ओढून त्यांनी कन्फर्मेशनवर सही केली. शनिवारपर्यंत थांबल्याच नाहीत.

आता सिंकर सारिकाच वळते. नव्या लोकांना शिकवतेही तीच, वासरासकट. मी मागच्या बाकावर बसून ऐकतो. टेस्ट फेल झाली की नव्या माणसाकडं बोट दाखवायची आमच्याकडं जुनी रीत आहे. हल्ली मी आधी तार बघतो, आणि मग ती कुणी वळली ते.