रस्त्यात पाय मागितला, की नंबर गेला

रिक्षास्टँडवर भाड्याची वाट बघत बसलं, की किस्से आपोआप गोळा होतात, सीटखाली धूळ साचावी तसे. सिरसाळ्याच्या स्टँडवर मी चाळीस वर्षं बसलोय, माझ्याकडं लई साचलेत. पण सध्या जो तो एकच विचारतो, "तात्या, बॅटरीची रिक्षा कशी हाय?" घ्या मग ऐकून.

*

स्टँडचा म्होरक्या रफिक. त्याची रिक्षा गॅसवर चालते. टपरीवरच्या फळ्यावर खडूनं नंबर लिहायचं काम त्याचंच. आमची जुनी रीत अशी, की रस्त्यात कुणाची रिक्षा बंद पडली तर मागच्यानं आपली चालवत, तिला पाय लावून ढकलत आणायची. माझी नवी बॅटरीची रिक्षा बघून रफिक सगळ्यांसमोर म्हणाला, "तात्या, हे खेळणं हाय. शेवटच्या नंबरला लावा. अन् रस्त्यात एकदा जरी पाय मागितला, तर फळ्यावरून नाव पुसणार."

मी म्हणलं, "पूस. तवर गप बस बे."

बोललो खरं. पण नंबर गेला तर भाडं गेलं, हे मलाही कळत होतं.

*

जुनी रिक्षा डाव्या हातानं दांडा ओढून चालू करायची. नवीला दांडाच नाही, तरी हात खाली जायचा. एकदा शेजारी बसलेल्या पाहुण्याचा पायच ओढला. तो बिचारा म्हणाला, "उतरू का?"

*

पावसात भाजीवाल्या शेवंताबाईनं पुलावरचं पाणी बघून दोन्ही पाय सीटवर घेतले. म्हणाली, करंट लागंल. मी म्हणलं, "बाई, मी पाय खालीच ठेवून बसलोय ना?"

"तुमचं वय झालंय," म्हणाली.

*

बायको माझ्या रिक्षाचा आवाज ऐकून तव्यावर भाकरी टाकायची. नवीला आवाजच नाही. पहिल्या दिवशी तिच्या मागं जाऊन उभा राहिलो, तर दचकली. "चोरावानी कावून आलात?"

आता गल्लीच्या तोंडाशी हॉर्न मारतो. सगळ्या गल्लीच्या भाकऱ्या एकदम तव्यावर पडतात.

*

मागच्या महिन्यात परळीहून रिकामा येत होतो. चार्जिंगच्या दोनच काड्या उरलेल्या, म्हणून हळूहळू चाललो होतो. बघतो तर रफिक रस्त्याच्या कडंला उभा. पंपावर गॅसची रांग लांब होती, तसाच निघाला अन् वाटेत गॅस संपला. सीटवर चार माणसं, त्यात एक लेकुरवाळी. ऊन असं, की डांबर चपलेला चिकटत होतं.

मला बघून त्यानं मान वळवली. हात काही केला नाही.

ढकलत निघालो अन् माझीच बंद पडली, तर नाव पुसलं जाणार. सरळ पुढं गेलो असतो तर कुणी काही म्हणलं नसतं.

मी म्हणलं, "बस. हँडल सरळ धर."

अन् पाय लावला. पाच माणसांची रिक्षा, त्यात चढ. गुडघा ठणकायला लागला. एक काडी गेली. दुसरी लुकलुकायला लागली. माझं खेळणं मात्र हूं का चूं न करता चाललेलं.

स्टँडवर पोचलो तर सगळे उठून उभे. रफिक उतरला, फळ्यापाशी गेला. एक नंबरवरचं आपलं नाव रुमालानं पुसलं, तिथं माझं लिहिलं, अन् आपलं सगळ्यात खाली.

"तात्या, लावा पुढं."

मी गुडघा चोळत म्हणलं, "आधी चहा सांग."