चांद्याची झूल

वर्षाराणीला चित्र सुरू करताना कधी अडचण आली नाही. अडचण यायची ती थांबताना.

आसेगावात तिच्या घराच्या मागच्या पडवीत एक बाज भिंतीला टेकून उभी असते. बाजेची दोरी काढून टाकून किती वर्षं झाली कुणास ठाऊक. आता त्या चौकटीवर मांजरपाट सुतळीनं ताणून बांधलेला असतो आणि त्याच्यापुढे वर्षाराणी. बसलेली तिला कुणी पाहिलेली नाही. दोन पावलं मागं जायचं, डोळे बारीक करायचे, पुढं येऊन एक फटकारा मारायचा, की पुन्हा मागं. मध्येच स्वयंपाकघरात जाऊन वरण ढवळून यायचं. तिची सासू रंगूबाई ओट्यावरून म्हणायची, "एवढी चालली असती तं आतापावतर वाशिमले जाऊन वापस आली असती."

वर्षाराणी चाळिशीची. चित्रकला शिक्षकाची पदविका घेतलेली, पण नोकरी पक्की नाही. शेलूबाजारच्या एका शाळेत आठवड्यातून दोन दिवस तासावर शिकवायला जायची. तिथं पोरांना दोन डोंगर, मधून उगवता सूर्य आणि खाली नदी शिकवायची, आणि घरी आली की त्या डोंगरांचा सूड उगवल्यासारखी रंगांवर तुटून पडायची. तिच्या स्वतःच्या चित्रात ना डोंगर, ना झोपडी, ना डोक्यावर घागर घेतलेली बाई. नुसता रंग. कुठं जाड, कुठं पातळ, कुठं खरवडलेला, कुठं ओघळून खाली गेलेला.

नुसत्या ब्रशानं तिचं भागत नव्हतं. आधी खराट्याच्या काड्या झाल्या. मग सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे करून त्यांनी रंग ओढून पाहिला. मग एकदा नवऱ्याचा, पवनचा, फवारणीचा जुना पंप धुऊन घेतला, त्यात पातळ गेरू भरला आणि पाठीवर पंप लावून मांजरपाटावर फवारणी केली. गेरू छान बसला, पण पंपाचं तोंड बुजलं ते बुजलंच, आणि पवननं दोन दिवस तोंड फुगवलं. गेल्या हंगामात तिला आणखी एक युक्ती सुचली. ओल्या रंगावर सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीनंतर उरलेला भुसा, मूठमूठ भिरकवायचं, वाळलं की कापड झटकायचं. जिथं कुटार पडलेलं तिथं बारीक फिकट ठिपके उरतात. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, कुठं पाहिलेलंही नव्हतं. आनंदाच्या भरात तिनं फोन करून पवनला वावरातून बोलावून घेतलं. पवननं कापडाकडे पाहिलं, खाली सांडलेल्या कुटाराकडे पाहिलं आणि म्हणाला, "कुटार जपून वापरजो. आपल्या बैलाले, चांद्याले, लागते थे." माणूस वाईट नव्हता. त्याला जे दिसलं ते तो बोलला.

पण खरं दुखणं वेगळंच होतं. चित्र पहिल्या दिवशी जमायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिता पिता तिला वाटायचं, वरचा कोपरा जरा मोकळा राहिला. कोपरा भरला की मधला भाग फिका वाटायचा. मधला भाग गडद केला की खालचा ओघळ उगाच वाटायचा. संध्याकाळपर्यंत सगळं चित्र एकसारखं मातकट होऊन जायचं. अति तिथं माती म्हणतात, ती माती वर्षाराणीनं डोळ्यांनी पाहिली होती. मग रात्री जेवताना कुणी काही विचारलं तर ती खेकसायची.

वाशिमला दरवर्षी जिल्ह्यातल्या चित्रकारांचं एक प्रदर्शन भरायचं. तिचं नाव त्यांच्या यादीत आलं होतं. पहिल्या वर्षी चित्र न्यायच्या आदल्या दिवशी तिनं ते दुरुस्त करता करता घालवलं. दुसऱ्या वर्षीही तेच. यंदा आयोजकांचा फोन आला, की या वेळीही चित्र आलं नाही तर पुढं तुमचं नाव धरता येणार नाही. चित्र पोहोचवायची मुदत होती पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत.

तिला बक्षीस नको होतं. तिला चित्र दाखवायचं होतं, बस्. तसं दाखवून पाहिलं होतं तिनं. शेलूबाजारच्या बाजाराच्या दिवशी दोन कडुनिंबांच्या मध्ये दोरी बांधून तिनं चार चित्रं टांगली होती. येणारा जाणारा थांबायचा आणि एकच विचारायचा, "हे काय काढलं बाई?" एकीनं विचारलं, पापडाचं कापड वाळू घातलं काय? त्यांच्याच गावचा जगदेवकाका, ज्याचं वावर त्यांच्या वावराला लागून, तो तर कंबरेवर हात ठेवून म्हणाला, "हा कोन्या गावचा नकाशा होय वं पोरी? आपलं आसेगाव कुठंसाक हाय यात?" लोक हसले. तीही हसली, आणि घरी येऊन चारही कापडं बाजेखाली कोंबून टाकली. निदान एका माणसानं तरी काहीच न विचारता नुसतं पाहावं, एवढंच तिचं मागणं होतं. वाशिमला तसे लोक येत असतील, असं ती धरून चालली होती.

यंदाचं चित्र जमलं. तिलाही कळलं की जमलं. गेरूचा तांबडा, त्यात निळीचे दोन मोठे पट्टे, कुटाराचे ठिपके आणि या सगळ्यातून आडवा गेलेला हळदीसारखा एक पिवळा पट्टा. त्या पिवळ्यावर तिचा जीव होता. आणि हात शिवशिवायला लागायच्या आतच तिनं ते कापड बाजेवरून सोडलं. कडा दुमडून शिवल्या, वाशिमच्या चौकटीला बांधायला चार कोपऱ्यांना नाडे लावले आणि नेऊन टाकलं गोठ्यातल्या दोरीवर. पोळ्याला तीन दिवस होते. नजरेआड राहिलं तर हात गप्प बसेल, असा तिचा हिशेब.

आता गोठ्यात राहायचा चांद्या. ट्रॅक्टर आल्यापासून घरात तो एकटाच बैल उरलेला. गेल्या पोळ्याला त्याची जुनी झूल उंदरांनी कुरतडलेली निघाली, तेव्हा रंगूबाईला भारी लागलं होतं. ती वर्षाराणीला म्हणाली होती, "बजारातली चमकीची नको मले. पुढच्या पोळ्याले तू आपल्या हातानं कर चांद्यासाठी. तुले रंगाचं समजते." आणि वर्षाराणी म्हणाली होती, "करतो ना आई." वर्ष उलटलं. रंगूबाईनं पुन्हा एकदाही आठवण केली नाही. सून शब्दाची पक्की आहे, असं तिला वाटत होतं. सून विसरून गेली होती.

पोळ्याच्या दिवशी वर्षाराणी सकाळपासून पुरणात. पवननं चांद्याला धुतलं, शिंगांना लाल हिंगूळ लावला. दुपारी रंगूबाई घागरमाळ आणायला गोठ्यात गेली, आणि दोरीवर बघते तर तांबडं, निळं, पिवळं कापड. कडा शिवलेल्या. चार कोपऱ्यांना बांधायला नाडे. म्हातारीनं ते दोन्ही हातांनी काढलं, उलटसुलट करून पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. तिनं काही कुणाला विचारलं नाही. विचारायचं होतंच काय? चांद्याच्या पाठीवर झूल घालून नाडे पोटाखालून घट्ट बांधले आणि पवनबरोबर ती स्वतः देवळापुढच्या पोळ्याच्या तोरणाकडे निघाली.

चारच्या सुमाराला पुरण उरकलं आणि वर्षाराणी हात पुसत गोठ्याकडे आली. खोटं कशाला सांगा, तिच्या हातात ब्रश होता आणि वाटीत पिवळा रंग. तीन दिवस तिनं कळ काढली होती. फक्त पट्ट्याच्या टोकाला एक हात, एवढंच, असं ती स्वतःला समजावत आली होती.

दोरी रिकामी होती.

आधी तिला वाटलं, वाऱ्यानं पडलं असेल. मग घागरमाळेचा रिकामा खुंटा दिसला, कोपऱ्यात कुरतडलेली जुनी झूल दिसली, आणि गेल्या पोळ्याला दिलेला शब्द आठवला. वाटी तिथंच ठेवून ती जी निघाली ती सरळ मारुतीच्या देवळाकडे. पदर कुठं, चप्पल कुठं. ब्रश हातातच राहिला.

तोरणाखाली गावातले सगळे बैल रांगेनं उभे. डफडं वाजून राह्यलेलं, कुणीतरी पोळ्याचं गाणं, झडती, म्हणत होतं आणि माणसं आरोळ्या देत होती. गर्दीतून घुसत ती पुढं गेली. चांद्या जगदेवकाकाच्या बैलाशेजारी उभा होता. दोघांकडे एकेकच बैल, म्हणून सणापुरती ही जोडी. आणि चांद्याच्या पाठीवर तिचं चित्र.

तिनं सरळ जाऊन नाड्याच्या गाठीला हात घातला. एक ओढ, की चित्र हातात. तेवढ्यात मागून रंगूबाईचा आवाज आला. ती शेजारच्या चंपाबाईला सांगत होती, आणि डफड्याच्या वर जाईल एवढ्या मोठ्यानं सांगत होती, "माह्या सुनेनं केली हो. एक डाव बोलली होती मी, सालभर ध्यानात ठेवलं पोरीनं."

वर्षाराणीची बोटं गाठीवर तशीच राहिली. ओढलं तर म्हातारीचं तोंड गावासमोर पडणार, आणि सणाच्या दिवशी बैलाच्या अंगावरची झूल उतरवली असं होणार. नाही ओढलं तर बैलांच्या गर्दीत चित्राची वाट लागणार आणि उद्याचे बारा चुकणार, तिसऱ्यांदा. संताप आला तिला, रडूही आलं. मग तिनं हात मागं घेतला.

तेव्हा तिला जगदेवकाका दिसला. तो चांद्याभोवती एक फेरा मारून आला होता आणि आता पाठीच्या उजव्या अंगाला उभा राहून नुसता पाहत होता. त्याच्यामागं आणखी दोघंतिघं. कुणी नकाशा म्हणालं नाही, पापडाचं कापड म्हणालं नाही. झुलीला कोण विचारतं, तू काय आहेस म्हणून! जगदेवकाका एवढंच बोलला, "हे पिवळं पाहत राहावं वाटते बाप्पा."

इतक्यात तोरण तुटलं, पोळा फुटला, बैल घराकडे सुटले. चांद्या चालू लागला तसा पिवळा पट्टा त्याच्या पाठीवर हलायला लागला, वर यायला लागला, खाली जायला लागला. बाजेवर ताणून बांधलेला असताना तो असा कधी हलला नव्हता. दोन वर्षं ती त्या कोपऱ्यात, त्या ओघळात जे शोधत होती ते हेच, हे तिला कळलं, आणि कळता कळताच एका बुजऱ्या बैलाचं शिंग झुलीत अडकून टरकन आवाज आला.

घरी दारात पूजा झाली. रंगूबाईनं चांद्याच्या पायावर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, पुरणपोळी चारली. मग वर्षाराणीनं झूल उतरवली. वीतभर फाटलेली. निळ्यावर हिंगुळाचा ओला फराटा, जागोजाग गुलाल, घामाचा ओलसर डाग, चांद्याचे पांढरे केस चिकटलेले. ती गोठ्याच्या उंबऱ्यावर खाली बसली आणि रडायला लागली.

"काय झालं वं?" रंगूबाई घाबरली. तिनं सुनेला अशी बसलेली पाहिलीच नव्हती.

"आई, थे झूल नोती. चित्र होतं. उद्या वाशिमले न्याचं होतं मले."

रंगूबाईनं शिवलेल्या कडेवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "मंग माह्या चांद्याची झूल?"

"इसरली मी."

यावर खोटं बोलणं सोपं होतं, पण तिच्याच्यानं बोलवलं नाही. रंगूबाई घरात निघून गेली. वर्षाराणीला वाटलं, आता ही पुढच्या पोळ्यापर्यंत बोलत नाही.

रंगूबाई परत आली ती सुई आणि लाल दोरा घेऊन. उंबऱ्यावर सुनेला खेटून बसली, फाटलेला भाग मांडीवर घेतला आणि टाके घालायला लागली. "फाटकं कपडं घेऊन कोनी गावाले जाते काय?" एवढंच म्हणाली. टाके मोठे होते, वाकडे होते, निळ्यावर लाल उठून दिसत होते. वर्षाराणीची नजर दुपारी तिथंच ठेवलेल्या रंगाच्या वाटीकडे गेली आणि हात ब्रशाकडे. हिंगुळाचा फराटा तरी झाकता येईल. टाक्यांवरून एक पातळ हात फिरवला तर...

"ठेव तो बुरूस," रंगूबाई मान वर न करता म्हणाली. "पोयी तव्यावर जितली उलथसीन तितली वातड होते."

वर्षाराणी बसून राहिली. शेवटचा टाका पडेपर्यंत ती उठली नाही, आणि उठली तेव्हा ब्रश सासूच्या हातात दिला. "उद्या मी येईपावतर देऊ नका मले," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती जीपनं मंगरूळपीरला, तिथून बसनं वाशिमला गेली. बाराला पंधरा मिनिटं कमी असताना टेबलामागच्या माणसानं कापड उलगडलं. बैलाचा वास सुटला. त्यानं एक पांढरा केस चिमटीत धरून पाहिला आणि फराट्यावर बोट ठेवलं. "मॅडम, हे पुसायचं राहिलं का?"

तिचा हात सवयीनं पिशवीत गेला. पिशवीत भाकरीची पुरचुंडी होती, ब्रश नव्हता.

"नाही," ती म्हणाली. "झालं आहे ते."

त्यानं अर्ज पुढं केला. तिनं चित्राचं नाव लिहिलं. चित्रकाराच्या जागी स्वतःचं नाव लिहिलं, आणि त्याच ओळीत पुढं रंगूबाईचं. शेवटच्या रकान्यात विचारलं होतं, चित्र विक्रीसाठी आहे का. वर्षाराणीनं तिथं लिहिलं, 'नाही. पोळ्याला लागते.'