चौथीच्या बाईंचा खुलासा

“दोन नंबरवर खूण कर आणि विषय मिटव,” घड्याळजी चौथ्यांदा म्हणाले.

“मुलांना येत नाही असं मी लिहून देणार नाही,” बाईही चौथ्यांदा म्हणाल्या आणि त्यांनी मटारची पुढची शेंग सोलायला घेतली.

रविवार होता. सकाळच्या चहाला सुरू झालेलं भांडण अकरा वाजले तरी जागचं हललं नव्हतं. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मटारच्या टोपलीशेजारी तो फॉर्म पडला होता आणि उडू नये म्हणून त्यावर मिठाची बरणी ठेवली होती. वरती ठळक अक्षरांत ‘खुलासा’. खाली विचारलं होतं की ऑनलाइन परीक्षेत इयत्ता चौथीच्या सर्व एकोणतीस मुलांचे पेपर कोरे येण्याचं कारण काय. उत्तराला तीनच चौकोन होते. एक, यंत्रात बिघाड. दोन, विद्यार्थ्यांची तयारी नाही. तीन, शिक्षकाची चूक. त्यातल्या एकात खूण करून, खाली सही करून तो कागद सोमवारी पाचच्या आत शिक्षण कार्यालयात पोचवायचा होता. आपलं स्वतःचं काही लिहायला बोटभरही जागा सोडलेली नव्हती.

घड्याळजी म्हणजे बाईंचे यजमान. त्यांचा हिशेब सरळ होता. एक नंबर लिहिता येत नव्हता, कारण यंत्रं ठणठणीत होती आणि तशी नोंद यंत्रांनीच करून ठेवली होती. तीन नंबर लिहिला तर चौकशी लागणार, आणि निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना चौकशी म्हणजे पेन्शन लटकणार. उरला दोन. चौतीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली, आता जाता जाता स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा? त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. लोक फोनवर वेळ बघायला लागल्यापासून ते नुसतं बसायचं ठिकाण झालं होतं. एका यंत्राने आपल्याला घरी बसवलं, दुसऱ्याने निदान बायकोला बसवू नये, एवढंच त्यांना म्हणायचं होतं. पण ते तसं म्हणायचं सोडून ओरडत होते.

सासूबाई खिडकीपाशी बसून दोन्हीकडचं ऐकत होत्या. त्यांनी मधेच तोंड घातलं. “कागदाचं काय घेऊन बसलात? कागदावर मी अजून पंचाहत्तरचीच आहे. कुणाचं काय अडलं?”

“तुमच्या वयापायी कुणाची शाळा सुटत नव्हती, आई,” बाई म्हणाल्या.

इथे खरी गोम होती. परीक्षेच्या निकालावर मुलं ‘अप्रगत’ ठरली की त्यांना पाचवीत घ्यायचं नाही, हमरस्त्यापलीकडे आधीपासून चालणाऱ्या पायाभूत वर्गात पाठवायचं, असा नवा नियम होता. नाव पायाभूत, पण तिथून परत नेहमीच्या शाळेत आलेलं एकही मूल बाईंनी अजून पाहिलं नव्हतं. दोन बस बदलून जायचं, म्हणजे मुलींना तर कुणी पाठवतच नसे. फॉर्म दोन नंबरचा गेला की एकोणतीसच्या एकोणतीस मुलं तिकडे.

“खरं सांगायचं तर उत्तर तीनच आहे,” इतका वेळ गप्प बसलेली लेक म्हणाली. “मी तेव्हाच म्हणत होते, एक तास येऊ दे मला वर्गात.”

“तू तेल ओतू नको,” घड्याळजी म्हणाले.

“बरोबर बोलतेय ती,” बाई म्हणाल्या. “मी तीनच लिहिणार आहे.”

त्यावर जे सुरू झालं ते जेवणापर्यंत पुरलं.

बाईंना सगळी आळी चौथीच्या बाई म्हणायची. चौतीस वर्षं त्यांनी दुसरा वर्ग घेतलाच नव्हता. मुख्याध्यापक, ज्यांना सगळे हेडसर म्हणत, ते सहा झाले, इमारतीचा रंग तीनदा बदलला, चौथी मात्र बाईंचीच. मारणं त्यांना ठाऊक नव्हतं आणि गोड बोलणंही फारसं नाही. त्यांची सगळी मदार एका सवयीवर होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी अर्ध्या वर्गाने घाईघाईत पेपर देऊन टाकले होते आणि घरी येऊन बघतात तो मागचं पान कोरं. तेव्हापासून त्यांनी नियम केला. काम झालं की पेन्सिल खाली ठेवायची, हाताची घडी घालायची आणि थांबायचं. बाई येऊन मागचं-पुढचं बघणार, कोपऱ्यात लाल ठिपका देणार, मग काम झालं. ठिपका नाही तोवर झालं म्हणायचं नाही. ही सवय मुलांच्या अंगात अशी मुरायची की पुढे वर्षानुवर्षं निघत नसे. खुद्द त्यांची लेक सत्तावीस वर्षांची घोडी झाली तरी जेवण झालं की ताटापुढे हाताची घडी घालून बसायची, आणि मग भान आलं की स्वतःच हसायची.

त्यात ही परीक्षा आली. राज्यातल्या सगळ्या सरकारी शाळांत एकाच दिवशी, एकच पेपर, तोही कॉम्प्युटरवर. शाळेत कॉम्प्युटर एकुलता एक, हेडसरांच्या खोलीत, आणि त्यावर कायम टेबलक्लॉथ पांघरलेला. परीक्षेची यंत्रं आदल्या दिवशी ट्रकमधून येणार आणि दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला जाणार. सरावासाठी आलं ते फक्त छापील नमुन्याचं पुस्तक. बाईंनी हार मानली नाही. बुटांच्या खोक्यांचा पुठ्ठा कापून त्यांनी एकोणतीस पडदे केले. त्यावर उत्तरांचे गोल काढले, पुढच्या प्रश्नाचा बाण काढला, शेवटी ‘जमा करा’ असं लिहिलेलं हिरवं बटण रंगवलं. माऊस म्हणून प्रत्येकाला एकेक रिकामी काड्यापेटी. मुलं महिनाभर काड्यापेट्या सरकवत होती.

लेक बाजारात लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देण्याच्या दुकानात कामाला होती. ते पडदे बघून ती आधी पोट धरधरून हसली, आणि मग गंभीरपणे म्हणाली, “आई, मी माझा लॅपटॉप घेऊन एक तास येते.” बाहेरच्या माणसाला वर्गात घेता येत नाही, असं बाईंनी सांगितलं. ते खरंच होतं. पण त्याहून खरं म्हणजे आपला वर्ग आपल्याच हाताने तयार व्हावा, अशी त्यांची हौस होती.

हिरवं बटण एकदा दाबलं की मागे जाता येत नाही, हे पुस्तकात लिहिलेलं होतं. ते वाचून बाईंच्या डोळ्यांपुढे ती जुनी कोरी पानं उभी राहिली. म्हणून त्यांनी मुलांना बजावलं, की मी येऊन बघितल्याशिवाय हिरव्या बटणाला हात लावायचा नाही. महिनाभर रोज बजावलं. फळ्यावर लिहून ठेवलं. मुलांकडून म्हणवून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी पावणेदहाला हेडसर हातात एक पत्रक घेऊन आले. वर्गशिक्षकाने परीक्षा संपेपर्यंत इमारतीबाहेर थांबायचं होतं. दुसऱ्या शाळेतले एक तरुण मास्तर देखरेखीला आले होते. बाई फाटकाशी स्टूल टाकून बसल्या. त्यांच्या मनात भागाकार होते. मुलं हातचा विसरतील का, घड्याळाच्या गणितात गडबडतील का. हिरवं बटण त्यांच्या डोक्यात आलंच नाही. पुढे त्यांनी स्वतःला पुष्कळदा विचारलं, पण खरंच आलं नाही.

दीड तासाने मास्तर बाहेर आले ते कौतुकच करत. “काय शिस्त आहे हो बाई. शेवटची चाळीस मिनिटं एक आवाज नाही. सगळी हाताची घडी घालून बसलेली.”

बाई स्टूल तिथेच टाकून आत धावल्या.

पडदे आपोआप काळे झाले होते. मास्तरांना वाटलं, मुलांचं आटपलं. वेळ संपली तसं जे जमा नव्हतं ते यंत्राने टाकून दिलं. एक मुलगी होती, प्रत्येक गुणावरून हुज्जत घालायची म्हणून बाईंनीच तिचं नाव वकील ठेवलेलं. वर्गात सगळ्यांत हुशार. बाईंनी तिला पायरीवर गाठून विचारलं, “हिरवं दाबलं ना गं?”

“तुम्ही आल्याच नाहीत ना, बाई,” वकील म्हणाली. “मी सरांना म्हटलं, आमच्या बाईंना बोलवा. ते म्हणाले, बाईंना आत यायची परवानगी नाही. मग मी बाकीच्यांना पण खुणावलं, की थांबा.”

तर ही चूक अशी होती, आणि ती कुणाची हे बाईंना कुणी सांगायची गरज नव्हती. शिक्षकाची चूक लिहिली तर मुलांची बहुतेक फेरपरीक्षा घेतात, असं हेडसर म्हणाले होते. हेडसर ‘बहुतेक’शिवाय काही बोलत नसत. म्हणून सोमवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून, फॉर्म कोराच ठेवून, आधी विचारून मग खूण करायची असं ठरवून बाई कार्यालयात गेल्या.

कार्यालयातली कपाटं काढून टाकली होती. भिंतींवर त्यांच्या आकाराचे फिकट चौकोन तेवढे राहिले होते. खिडकीमागे एक कारकूनबाई डबा खात बसल्या होत्या. त्यांनी हात पुसले, सगळं ऐकून घेतलं आणि आपला पडदा बाईंकडे वळवला. एक नंबरवर खूण केली की फेरपरीक्षेचा चौकोन उघडत होता. तीनवर केली की तो पुसट होऊन जात होता.

“बघा. यंत्राचा दोष असेल तरच फेरपरीक्षा. तुमच्या चुकीला नाही.”

“म्हणजे चूक माझी असली तरी मुलं अप्रगतच?”

“अप्रगतच. वर आणखी एक आहे.” कारकूनबाईंनी खाली सरकवून दाखवलं. शिक्षकाची चूक नोंदली की त्या शिक्षकाच्या हाताखालून गेलेल्या मागच्या तीन वर्षांच्या मुलांचे निकालही तपासणीला निघत. तपासणी पुरी होईपर्यंत ती मुलं वरच्या वर्गात बसू शकत नव्हती. “म्हणजे ही एकोणतीस तर जातातच, आणि मागची ऐंशी-नव्वद लोंबकळतात. मी तुमच्या जागी असते तर दोन लिहून घरी गेले असते. आता तुम्ही बघा.”

बाई साहेबांकडे गेल्या. साहेब वाईट माणूस नव्हता. त्याने खुर्ची दिली, पाणी मागवलं. बाई म्हणाल्या, उत्तरं यंत्रात कुठेतरी असतीलच. साहेब म्हणाला, असतील, पण ती काढायचा अधिकार आपल्या कार्यालयाला नाही, आणि कुणाला आहे ते विचारायला पत्र लिहिलं तर उत्तर येईपर्यंत मुलांना मिशा फुटतील. मग बाईंनी शेवटचं सांगितलं. मुलांना उद्या इथे घेऊन येते, तुमच्यासमोर बसवते, कागदावर सोडवतील.

“आणि तपासणार कोण, बाई?” साहेब म्हणाला. “कागद तपासणारी माणसं आपण गेल्या वर्षीच कमी केली.”

बाहेरच्या बाकावर बाईंनी पाऊण तास काढला. पेन उघडलं, मिटलं. चार वाजून वीस मिनिटांनी त्यांनी दोन नंबरच्या चौकोनात खूण केली आणि चौतीस वर्षं हजेरीपटावर करत आल्या तशीच, ठसठशीत, सही केली. कारकूनबाईंनी शिक्का मारला आणि म्हणाल्या, “शहाण्या आहात.” बाईंना वाटलं, आजवर इतकं वाईट आपल्याला कुणी बोललं नव्हतं.

येताना वाटेत वकीलच्या आईचं इस्त्रीचं टेबल लागायचं. बाईंनी रस्ता बदलायचं मनात आणलं, पण तोवर आईने हाक मारली होती. निकालाचं तिच्या कानावर आलं होतं. तिची काही तक्रार नव्हती, हेच बाईंना जड गेलं. ती शर्टाची कॉलर दाबत म्हणाली की पोरगी हुशार आहे असं आम्हालाच उगीच वाटत होतं. आता हमरस्त्यापलीकडे कोण नेणार-आणणार, त्यापेक्षा मावशीकडे ठेवते, मावशीला घरात हाताखाली कुणीतरी हवंच आहे.

वकील कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली होती. आज तिने हुज्जत घातली नाही. नुसतं विचारलं, “बाई, माझं एकसुद्धा बरोबर नव्हतं का?”

“सगळं बरोबर होतं,” बाई म्हणाल्या.

आईने इस्त्री उभी ठेवून बाईंकडे पाहिलं. बाई आता काय लिहून देऊन आल्या होत्या ते तिला माहीत नव्हतं. पोरीची समजूत घालतायत असं वाटून ती हसली. बाईंनी पर्स खांद्यावर सावरली. त्या तशाच घरी आल्या.

घरात तिघंही वाट बघत होते. बाईंनी चपला काढल्या, पर्स खुंटीला लावली आणि उभ्या उभ्याच सांगितलं की दोन नंबर लिहून दिला.

घड्याळजींनी मोठा श्वास सोडला आणि स्वतः उठून चहाचं आधण ठेवलं, जे त्यांनी कित्येक वर्षांत केलं नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, सुंठीवाचून खोकला गेला.  लेकीने फक्त आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“बस ना,” घड्याळजी म्हणाले. “झालं गेलं गंगेला मिळालं.”

“मी उद्या बदलीचा अर्ज देणार आहे,” बाई म्हणाल्या. “पायाभूत वर्गावर.”

घड्याळजींच्या हातात साखरेचा चमचा तसाच राहिला. त्यांनी विचारलं की तिथे कुणी आपणहून जातं का, आणि या वयात दोन दोन बस बदलून तिथे जाऊन ती असं काय शिकवणार आहे.

“काही नाही. तिथे शिकवत नाहीत. यंत्रावर जुने पेपर लावतात आणि बटणं दाबून घेतात.”

“अगं, मग कशाला?”

“माझी मुलं तिथे जाणार आहेत म्हणून. जेवढी येतील तेवढी.” बाईंनी पुढे होऊन गॅस बारीक केला. “मला सकाळी सहाला निघावं लागेल. परत यायला संध्याकाळ होईल. दोन्ही वेळचा स्वयंपाक आता तुम्ही बघायचा.”