हणमा, गव्हाची बीअर आणि माझा संशय

संगीताचा फोन आला तेव्हा मी दात घासत होतो. "काका, आप्पा गेले," ती म्हणाली. तोंडातला फेसही न थुंकता मी म्हणालो, "त्याला म्हणावं, स्वतः फोनवर ये." आता हे लिहिताना हात आखडतो, पण खरं तेच सांगतो आहे. याच माणसाने चार वर्षांपूर्वी पाय मोडल्याचा निरोप धाडून मला साताऱ्याहून कुंडलला धावत नेलं होतं, आणि मी पोचलो तेव्हा दोन्ही धडधाकट पाय पसरून तो ओसरीवर शेंगा सोलत बसला होता. "मोडला न्हाई रं, पण तू आला नसतास तर मोडला असता," असा त्याचा खुलासा. त्यामुळे संगीता, म्हणजे त्याची लेक, फोनवर गप्प झाली तरी मला वाटलं, शिकवून ठेवलेलं दिसतंय. मग ती रडायला लागली... तरी कराडपर्यंत एसटीत मी मनाशी म्हणत होतो, हा डाव आहे, मला बोलावून घ्यायचा डाव आहे. कुंडलला दारात चपलांचा ढीग दिसला तेव्हाही पुरतं पटलं नाही. आत गेलो. हणमाच्या मिशीला पीळ नव्हता. फौजेतली अठ्ठावीस वर्षं आणि नंतरची सगळी, त्या मिशीला पीळ नसलेला दिवस मी पाहिला नव्हता. तेव्हा पटलं.

सुभेदार हणमंत, माझा हणमा, सकाळी मळ्यात पाटाचं पाणी फिरवायला गेला आणि बांधावर बसला तो बसलाच. हृदय बंद पडलं. गावात मात्र कुजबूज वेगळी होती. दहाव्याला घाटावर मी उभा होतो तर मागून ऐकू आलं, "ह्योच त्यो बाटलीवाला मास्तर." मी रसायनशास्त्राचा निवृत्त शिक्षक. तीस वर्षं पोरांना बाटल्या दाखवल्या, पण ही पदवी नवीन होती. खरं सांगायचं तर त्या कुजबुजीचं मला फारसं काही वाटलं नाही. मला वेगळंच कुरतडत होतं. तो गेला त्याआधीचे दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो. चारचौघांत मी त्याला खोटारडा म्हणालो होतो. तो माझ्यावरचा राग घेऊन गेला की काय, हे मला जाणून घ्यायचं होतं, आणि ते सांगू शकेल अशी एकच व्यक्ती होती, त्याची बायको सुमनवहिनी. त्या घाटावर माझ्याकडे एकटक बघत होत्या. ती नजर मला वाचता आली नाही.

या सगळ्याची सुरुवात पुण्यात झाली. डॉक्टरांनी हणमाची रम बंद केली होती आणि वहिनींनी डॉक्टरांपेक्षा कडक अंमलबजावणी केली होती. अशा दुष्काळात संगीताच्या नवऱ्याने आम्हा दोघांना जिथे जागेवरच बीअर काढतात अशा एका ठिकाणी नेलं. उंच ग्लास आले. पिवळं, दाट, आरपार न दिसणारं काहीतरी आणि वर चार बोटं फेस. हणमाने ग्लास उजेडाला धरला, गव्हाच्या मालात खडे शोधावेत तसा न्याहाळला आणि वेटरला म्हणाला, "ह्ये गढूळ का रं?" वेटर म्हणाला, "सर, व्हीट बीअर आहे. गव्हाची." आता हा माणूस स्वतः खपली गहू पिकवणारा. दाणा दाताखाली फोडून ओल सांगणारा. "गव्हाची?" तो म्हणाला. "कुठला गहू? लोकवन का खपली?" वेटर आत जाऊन विचारून येतो म्हणाला तो बिल घेऊनच उगवला. तोवर हणमाने एक घोट घेतला होता. डोळे मिटले. "मास्तर," तो हळूच म्हणाला, "ह्यात केळं हाय." मी म्हणालो, केळं कशाला घालतील? "आन लवंग बी हाय. कायतरी गोलमाल हाय हितं." जावयाने फोनवर शोधून वाचून दाखवलं की केळं-लवंग काही घालत नाहीत, यीस्टमुळे तसा वास येतो, आणि तो येणं हीच चांगल्या गव्हाच्या बीअरची खूण. हणमाने जावयाकडे असं बघितलं की जणू त्यानेच मघाशी केळं पिळून टाकलं असावं. पण ग्लास संपवला.

पुढच्या महिन्यात मी साताऱ्याच्या एका बीअर शॉपीतून तशी एक बाटली मिळवली आणि माझ्या बुद्धीचं प्रदर्शन मांडलं. ओल्या टॉवेलात गुंडाळून, पिशवीत वर मेथीच्या दोन जुड्या ठेवून ती एसटीने कुंडलला न्यायची होती. शेजारी नेमका माझा जुना विद्यार्थी बसला. "सर, काय नेताय?" "काढा," मी म्हणालो. खड्ड्यागणिक तो काढा पिशवीत फुसफुसत होता. कुंडलला पोचून ग्लासात ओतला तर गढूळ! पुण्यातल्यापेक्षा जास्त गढूळ. मला वाटलं, प्रवासात बिघडली. आणि मग मी ते केलं, जे आमच्या कृष्णाकाठच्या प्रत्येक घरात पावसाळ्यात करतात. पुराचं तांबडं पाणी निवळायला हंड्यात तुरटी फिरवतात ना... मी वहिनींकडून तुरटीचा खडा मागून घेतला आणि बीअरमध्ये फिरवला. वर, अविद्राव्य कण तळाशी कसे बसतात यावर हणमाला व्याख्यानही दिलं. थोडं निवळलंही. आम्ही अभिमानाने घोट घेतला. हणमाचे गाल आत गेले, ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मग म्हणाला, "मास्तर, आतनं दाढी केल्यागत वाटतंय."

त्या तुरटीनंतर आमचा नेम ठरला आणि वहिनींनी त्याला मंजुरी दिली: "म्हैन्यातनं एकच बाटली, दोगांत, दुपारची, आन माझ्या म्होरं." महिन्याचा शेवटचा रविवार. बाटली एकच म्हटल्यावर ती निवडायला हवी नीट. त्यात हणमाने आपली सगळी फौजी शंकेखोरी ओतली. दुकानदार काहीही सांगो, खरं मानायचं नाही, हे पहिलं कलम. दारातल्या फडताळावर उन्हात उभी असलेली बाटली घ्यायची नाही, आतली मागायची. भरल्याची तारीख स्वतः वाचायची आणि दोन बाटल्यांत ताजी असेल ती घ्यायची, कारण ही बीअर लोणच्यासारखी मुरत नाही, भाकरीसारखी शिळी होते. "थंड हाय आप्पा, न्या की," दुकानदार वैतागून म्हणायचा. "थंड तर मढं बी असतंय," हा म्हणायचा, "ताजी हाय का सांग." ओतायची लस्सीच्या उंच ग्लासात, तिरक्या धारेने. तळाशी बोटभर ठेवायची, बाटली गोल हलवायची, आणि मग तो गाळ वरून सोडायचा, कारण खरी गोडी त्यात. एकदा संत्र्याची साल आणि धने घातलेली विदेशी पद्धतीची मिळाली. वहिनी फक्त वास घेऊन म्हणाल्या, "ह्यात धनं हाईत. कुणीतरी आमटीचं भांडं धुतलंय." हणमा हसला आणि म्हणाला, "अगं, खरंच धनं हाईत." नाक दोघांचंही बेरकी. माझं नाक चष्मा टेकवण्यापुरतंच. मला खरं म्हणजे एकदाही लवंग आली नाही. हणमा म्हणाला की मीही "हो, हो, लवंग" म्हणायचो. पण हे कबूल करायला मला त्याच्या मरणापर्यंत वेळ लागला.

मग साधारण दीड वर्षापूर्वीपासून मला संशय यायला लागला. हणमा प्रत्येक बाटलीला तेच बोलू लागला. "केळं, लवंग, झकास." नवी बाटली, "केळं, लवंग, झकास." मुद्दाम मी पुन्हा ती संत्रं-धन्याची नेली. त्यालाही, "केळं, लवंग, झकास." वहिनी नुसत्या उठून आत गेल्या. मला वाटलं, याचा रस संपला. मग वाटलं, नाही, हा दुसऱ्या कुणाबरोबर बसतो, चांगल्या बाटल्या तिकडे, आणि माझी ही अशी बोळवण. एका रविवारी आत आमटी करपून धूर झाला, मला खोकला आला, तरी हा ढिम्म. मी मनात नोंदवलं, नवराबायकोत बिनसलंय, माझ्यापासून लपवताहेत. संशय एकदा घरात आला की चपला काढून बसतो. मला सगळं सुचलं, फक्त खरं काय ते सुचलं नाही.

आणि मी सापळा लावला. हणमा, मी आणि आमचे शाळेतले वर्गमित्र वर्षातून एकदा औंधला जमतो. तिथल्या एका मित्राच्या शेतात, यमाईच्या डोंगराकडे पाठ करून बसायचं, हा आमचा अलिखित संकेत. देवीला दिसू नये एवढीच इच्छा. त्या दिवशी मी हणमाच्या ग्लासात साधी, स्वस्त, कडक बीअर ओतली आणि ती गढूळ दिसावी म्हणून चमचाभर कणीक ढवळली. ग्लास त्याच्या हातात दिला. त्याने तो तसाच उजेडाला धरला, घोट घेतला. थोडा थांबला. माझ्याकडे बघून म्हणाला, "केळं, लवंग. झकास." मी टाळी वाजवून उभाच राहिलो. "मित्रहो," मी म्हणालो, "आपले सुभेदार गेलं वर्षभर आपल्याला फसवत आहेत. यात कणीक आहे! हा माणूस खोटारडा आहे!" सगळे हसले. मीच सर्वांत मोठ्याने. हणमाने ग्लास खाली ठेवला, मिशी पुसली. "परीक्षा घेतलीस व्हय रं मास्तर?" एवढंच म्हणाला. टोपी घातली आणि स्टँडकडे चालू लागला. कुणीतरी हाका मारल्या. मी मारली नाही. मला वाटलं, पकडला गेला म्हणून पळतोय.

मग दोन शेवटचे रविवार आले आणि गेले. मी फोन केला नाही. चूक त्याची, फोन त्याने करावा... त्यानेही केला नाही. आणि मग संगीताचा आला.

तो गेल्यावर पाच आठवड्यांनी मी पुन्हा कुंडलला गेलो. वहिनींनी चहा ठेवला. मी हवापाणी बोललो, उसाचं बोललो, संगीताच्या मुलांचं बोललो. त्या ऐकत होत्या आणि तशाच बघत होत्या. शेवटी कप खाली ठेवून मी विचारलं, "वहिनी, तो माझ्यावर चिडून गेला का?"

"वासच येत नव्हता त्यास्नी," वहिनी म्हणाल्या.

मला कळेना. "कसला वास?"

"कसलाच. मागल्या साली ताप आल्ता बगा, तवापासनं. भाकरी करपली तरी कळंना, आन चव बी न्हाई. डाक्टर म्हनला यील, न्हाई तर न्हाई बी." त्या पदराने ओटा पुसत होत्या, जिथे काही सांडलेलं नव्हतं. "मी म्हनलं, भावजींस्नी सांगा की. तर म्हनलं, गप बस. मास्तर माज्या नाकासाठी येतोय एवढ्या लांबनं. नाक गेलं म्हनल्यावर कशाला यील?"

तीस वर्षं पोरांच्या उत्तरपत्रिकांतली नक्कल पकडणाऱ्या माणसाला हे समोर बसून दिसलं नव्हतं. आणि लवंग तर मलाही कधी आली नव्हती... मी ज्या नाकासाठी म्हणे एसटीने खडखडत जात होतो, ते नसतं तरी गेलोच असतो, हे त्याला मी कधी सांगितलं नाही. सांगायची वेळ आली तेव्हा मी कणीक ढवळत होतो.

"आन चिडलं व्हतं का म्हनाल तर," वहिनी म्हणाल्या, "चिडलं व्हतं. लय. औंधवरनं आलं ती जेवलं न्हाईत."

त्या उठल्या आणि त्यांनी फ्रीज उघडला. दाराच्या खालच्या कप्प्यात, ताकाच्या तांब्याशेजारी, गव्हाच्या बीअरच्या दोन बाटल्या उभ्या होत्या. प्रत्येक महिन्याची एक. पलूसला स्वतः जाऊन आणलेल्या. "वास कळत न्हाई तर कशी निवडली?" मी विचारलं. "तारीख वाचून. दुकानदारानं चार बाटल्या काडल्या, ह्येंनी चारी उनात धरून बगितल्या म्हनं, आन येक घिऊन आलं. दुसऱ्या म्हैन्यात पुन्ना तसंच." मी पहिली हातात घेतली. तिची मुदत उलटून गेली होती. दुसरीची अजून बारा दिवस होती. "मी म्हनलं, आनलीया तर बोलवा की त्यास्नी. तर म्हनलं, मी न्हाई बोलवायचा. फोन मास्तरनं करायचा. तवर राहू दे हितंच."

त्या बाटल्या आम्ही उघडल्या नाहीत. मी मागितल्या नाहीत, त्यांनी दिल्या नाहीत. निघताना वहिनींनी नेहमीसारखी पिशवीत मूठभर लसूण घातली, म्हणजे निदान मला परत येण्याची मनाई नाही, असं मी धरून चाललो.

गेल्या शनिवारी, महिन्यातल्या शेवटच्या, मी हणमाचा नंबर लावला. तो फोन आता वहिनींकडे असतो. पहिल्या घंटेलाच त्यांनी उचलला. मी म्हणालो, "वहिनी, उद्या येऊ का?"

"या की. इच्यारताय कशाला?" त्या म्हणाल्या. मला वाटलं, ठेवला. ठेवला नव्हता.

"त्यांनी असा लगीच उचलला नसता," वहिनी म्हणाल्या. "तीनदा वाजू दिला असता... मग उचलला असता."