कोणी कोणाला वाचवलं

बालमित्र सुधाकर वारल्याचं कळताच हिंगणीला गेलो. शोकसभेत त्याच्या फोटोवरच्या ओल्या हाराचा वास आला आणि बोर धरणाचं शेवाळ आठवलं. विशीत तो तिथे बुडत होता. मीच त्याला केसांना धरून काठावर ओढलं. माणसं धावत येताना दिसली, तसा हा लबाड ओकता ओकता उठला आणि माझ्याच पाठीत बुक्के घालू लागला, "थुक बे, पानी थुक!" पुढे चाळीस वर्षं, आपणच मला वाचवलं, अशी बढाई तो माझ्यादेखत मारत राहिला. इतका निर्लज्ज माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"काका, बाबानं तुमाले कसं वाचवलं, तुमीच सांगा," त्याचा मुलगा म्हणाला.

मी उठलो आणि सांगितलं. त्याच्यापेक्षा रंगवून सांगितलं.