औतामागे पाच रुपये

कोंडीबा सुतार आमच्या गावचा. गाव पलूसच्या अलीकडे, नदीपासून दोन शेतं आत. माणूस काटक आणि लाजरा. चार माणसांत तोंड उघडायचा नाही, पण लाकडाशी गप्पा मारायचा. नांगराला नवं रुमणं बसवताना "बस की रं गड्या, किती आढेवेढे घेशील," असं त्याला बजावायचा, आणि ते मुकाट बसायचंही. अशा माणसाबद्दल मी चार चांगले शब्द लिहावेत हेच लाजिरवाणं आहे. त्याच्या ताटातली भाकरी मी काढून घेतली, आणि तीही शिकलेल्या डोक्याने.

तेव्हा सुताराला पैसे कुणी देत नसे. वर्षभर त्याने औतं, कुळव, पाभर, गाडीची चाकं नीट ठेवायची आणि शाळूचं खळं झालं की औतामागे, म्हणजे दर बैलजोडीमागे, बारा पायल्या शाळू न्यायचा. हे त्याचं बलुतं, आज्या-पणज्यापासून चालत आलेलं. शाळू महाग होवो की सवंग होवो, बारा पायल्या म्हणजे बारा पायल्या.

मी सांगलीला कॉलेजात अर्थशास्त्र शिकत होतो आणि सुट्टीत ते गावभर मिरवत होतो. बेचाळीस सालच्या थंडीत आमच्या प्रोफेसरांनी लढाईवर एक तास घेतला. लढाईचा सगळा खर्च सरकार कराने आणि कर्जाने भागवत नाही, उरलेला नोटा छापून भागवतं. इकडे सैन्यासाठी धान्य, कापड, लोखंड उचललं जातं. बाजारात माल कमी आणि नोटा जास्त, मग भाव चढणारच. ज्याची मिळकत ठरीव रोख रकमेची, तो यात भरडला जाणार, असं ते म्हणाले. बाकीच्या पोरांनी वहीत उतरवून घेतलं. माझ्या डोळ्यांपुढे आमचं खळं उभं राहिलं.

पाडव्याला घरी आलो आणि वडिलांना, म्हणजे हंबीररावांना, गाठलं.

"आबा, सुताराला औंदापास्नं शाळू नगा देऊ. रोख द्या. औतामागं पाच रुपयं."

शाळू तेव्हा रुपयाला तीन पायल्या होता. बारा पायल्यांचे होतात चार रुपये.

"जास्ती द्यायचं? कॉलेजात ह्येच शिकिवत्यात व्हय रं?" आबा म्हणाले.

मी त्यांना नोटांचं गणित समजावलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. मग त्यांनी कोंडीबाला बोलावणं धाडलं.

कोंडीबा हरखला, माझ्याकडे वळला. "पाच? लालासाब, चेष्टा न्हाई न्हवं?" कचेरीतल्या कारकुनासारखा रोख पगार आपल्याला मिळणार, याचंच त्याला अप्रूप. त्याची बायको राहीबाई तेवढी अडून बसली. "नोट शिजवून खाता येती व्हय? आपला शाळूच बरा."

"गप गं. शिकल्यालं हायती त्ये. आपल्यापरीस त्यास्नी कळतंय."

हे ऐकूनही माझी मान खाली गेली नाही. आमचं बघून गावातल्या सगळ्या औतवाल्यांनी तोच ठराव केला.

पुढच्या खळ्यापर्यंत शाळू रुपयाला एक पायली झाला. आमची चार औतं; कोंडीबाला मोजून वीस रुपये मिळाले. अठ्ठेचाळीस पायल्यांच्या जागी वीस पायल्या. तो खळ्याच्या कडेला येऊन उभा राहिला.

"आबा, ह्या नोटांनी प्वाट भरंना. म्होरल्या साली शाळूच द्या."

"कोंडीबा, शबुद झालाय. उद्या शाळू सवंग झाला तर नोटा माघारी देशील का?"

मी तिथेच रास मोजत होतो. मी एक शब्द बोललो असतो तर आबांनी ऐकलं असतं, कारण या बाबतीत त्यांचा गुरू मीच होतो. मी मूग गिळून बसलो. त्याला न दिलेला शाळू पलूसच्या बाजारात गेला आणि त्याच पैशातून माझ्या मनगटावर घड्याळ आलं.

कोंडीबा बायकोला घेऊन सांगलीला गेला. लष्कराला लाकडी खोकी पुरवणाऱ्या एका कारखान्यात लागला. मजुरी वाढत होती, पण धान्याचा भाव तिच्या पुढे पळत होता. एकदा तो मला पेठेत दिसला, खांदे उतरलेला. मी रस्ता ओलांडून पलीकडे गेलो.

पंचेचाळीसला लढाई संपली. सरकारने खर्चाचा हात आखडला, खोक्यांची मागणी थांबली आणि कारखान्याला कुलूप लागलं. पलटणीतून सुटून आलेले जवानही कामासाठी दारोदार फिरत होते. म्हाताऱ्या सुताराला कोण विचारतो? दिवाळीच्या सुमाराला दोघं गावी परत आली. आबा तोवर अंथरुणाला खिळले होते, कारभार माझ्याकडे होता. मी न मागता सांगून टाकलं, पहिल्यासारखाच शाळू, औतामागे बारा पायल्या. वाटलं, आता फिटलं.

शेहेचाळीसचं खळं झालं. कोंडीबा पोतं धरून बसला, मागे राहीबाई उभी. मी पायलीने शाळू घालत होतो. सत्तेचाळिसाव्या पायलीला तो हळूच म्हणाला,

"लालासाब, एक इचारू? रागावू नगा. तवा तुमालाबी ठावं नव्हतं न्हवं, असं हुईल म्हणून?"

राहीबाई माझ्याकडे बघत होती.

"न्हवतं, कोंडीनाना," मी म्हणालो.

कोंडीबाचा चेहरा उजळला. तो बायकोकडे वळला. "बघ! चार वर्सं तुजं एकच, त्येंनी समजून-उमजून केलं म्हणून. अगं, शिकल्यालं माणूस असं करंल का?"

मला तिथे उभं राहवेना. अठ्ठेचाळिसावी पायली घातली आणि घाईघाईने वर एकोणपन्नासावी ओतली. कोंडीबाने पोत्यात हात घातला, ओंजळी-ओंजळीने ती पायली पुन्हा भरली आणि राशीवर ओतली.

"जादाचं नगं," तो म्हणाला. "माजं गेलं, त्ये काय तुमच्यामुळं गेलं?"

राहीबाईने पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.