पिवळे टाके

जीन्सवरची पिवळी दुहेरी शिलाई दिसली की आजही माझी मान कॉलरमध्ये वळवळू लागते. नव्वदच्या आसपास अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या एका दवाखान्यात मलमपट्टी करणाऱ्या ड्रेसरची जागा निघाली आणि मुलाखतीला पांढरा कोट घालून या, असा निरोप आला. ही नोकरी हुकली तर सोमवारपासून वडिलांबरोबर मोरिवलीच्या केमिकल कारखान्यात जायचं, हे घरी ठरलेलं होतं. उल्हासनगरात आमच्या गल्लीतला सिंधी शिंपी वर्षभर जीन्सच शिवायचा; कोट त्यालाच शिवायला दिला. ‘फिकर मत कर साईं, फर्स्ट क्लास बनाएगा,’ म्हणाला, आणि मुलाखतीच्या सकाळी त्यानं हातात ठेवला तो कोट! सुती कापड पांढरंशुभ्र, पण वरून मारलेली दुहेरी शिलाई हळदीसारखी पिवळी, बटणं तांब्याची आणि मानेमागे त्याच्या जीन्सचं ‘मेड इन यूएसए’ लेबल. दवाखान्यात मी भिंतीला पाठ लावून बसलो, उठलो, पुन्हा बसलो. तेवढ्यात डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मला वळायला लावून त्यांनी लेबल वाचलं. ‘अमेरिकेहून आलात?’ ‘नाही मॅडम, उल्हासनगरच्या कॅम्प नंबर पाचातून.’ बाकावरचे पेशंट खो-खो हसले, बाई हसल्या नाहीत. ‘टाके काढता येतात?’ ‘येतात.’ त्यांनी छोटी कात्री पुढे केली. ‘मग आधी स्वतःचे काढा.’ सगळ्यांच्या देखत कोट मांडीवर घेऊन मी पिवळा दोरा टाक्याटाक्यानं काढला, कापडाला कात्री लागू दिली नाही. ‘उद्या नऊला या,’ बाई म्हणाल्या, ‘बटणं बदलून.’ पुढे त्याच कात्रीनं मी कितीतरी टाके काढले, पण सगळ्यांत जपून काढले ते पहिल्या पेशंटचेच, आणि तो पेशंट सुती होता.